आठशे कोटींची भावकी

वडिलांच्या अस्थी घेऊन आम्ही नाशिकला गेलो, तेव्हा रामकुंडाजवळ तीर्थोपाध्यायांनी पहिला प्रश्न विचारला तो गावाचा. दुसरा आडनावाचा. मग आतून लाल कापडात बांधलेली एक लांबट वही आली. कागद पिवळा पडलेला, कडा झिजलेल्या, जुनी पानं मोडीत. गुरुजींनी बोट फिरवत फिरवत आधी माझे आजोबा काढले, मग पणजोबा. शके 1834 च्या नोंदीखाली पणजोबांची सही होती, म्हणजे मोडीत ओढलेल्या चार थरथरत्या रेघा. 1912 साली हा माणूस याच घाटावर, बहुधा असाच कुणाच्या तरी अस्थी घेऊन उभा होता. मी त्या रेघांवर हलकेच बोट टेकवलं.

मग सहज विचारलं, "आणि आईकडचे?"

"त्यांचं गाव वेगळं, म्हणजे पान वेगळं," गुरुजी म्हणाले. "आजीच्या माहेरचं अजून तिसरीकडे. ते कुणाकडे असेल, शोधावं लागेल."

परतीच्या वाटेवर हेच डोक्यात घोळत राहिलं. वहीतली रेघ सरळ वर जात होती: वडील, आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा. पण प्रत्येक पिढीत एक बाईही घरात आली होती. तिलाही आई होती, वडील होते, त्यांची भावकी होती, त्यांचं गाव होतं. त्या सगळ्यांची पानं कुठल्या ना कुठल्या वहीत बंद आहेत, किंवा कुठल्याच वहीत नाहीत. ती सगळी उघडली तर काय दिसेल? या प्रश्नाचं उत्तर गणिताच्या आणि जीवशास्त्राच्या अभ्यासकांनी बऱ्यापैकी काढलेलं आहे. माणसामाणसांत आपलेपणा यावा, भांडणं मिटावीत अशी आस ज्यांना आहे, त्यांनी ते समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. म्हणून हा लेख.

आधी आपली नेहमीची भावकी घेऊ. गावाकडे भावकी कुठे संपते हे सुतकावरून कळतं. धर्मशास्त्रात बापाकडून सात पिढ्यांपर्यंत आणि आईकडून पाच पिढ्यांपर्यंत सपिंड नातं धरलेलं आहे. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने लग्नापुरती ही मर्यादा बापाकडून पाच आणि आईकडून तीन पिढ्यांवर आणली. त्याच्या पलीकडचा माणूस परका. व्यवहारासाठी कुठेतरी रेघ मारावी लागते हे खरं आहे, पण ती रेघ आपण मारलेली असते. सातव्या पिढीनंतर पुरं दहा दिवसांचं सुतक लागत नाही एवढंच. नातं तिथे तुटतं असं नाही.

आता कागद-पेन्सिल घेऊन मागे मोजत जाऊ. आई-वडील 2. आजी-आजोबा दोन्हीकडचे मिळून 4. पणजी-पणजोबा 8. दर पिढीला आकडा दुप्पट होतो. दहा पिढ्या मागे गेलं की 1,024 पूर्वज. वीस पिढ्या मागे 10,48,576. तीस पिढ्यांवर हा आकडा 107 कोटींच्या वर जातो.

एका पिढीला 25 वर्षं धरली तर तीस पिढ्या म्हणजे साडेसातशे वर्षं. देवगिरीवर यादवांचं राज्य होतं तो काळ. त्या काळी अख्ख्या जगाची लोकसंख्याच 40 कोटींच्या आसपास असावी असा अंदाज आहे. मग माझे एकट्याचे 107 कोटी पूर्वज बसणार कुठे? आणखी दहा पिढ्या मागे गेलं तर आकडा 1 लाख कोटींच्या पुढे जातो. पृथ्वीच्या पाठीवर आजवर जन्मलेल्या सगळ्या माणसांची बेरीजसुद्धा तिथवर पोचत नाही.

दुप्पट करण्यात चूक झालेली नाही. चूक आहे ती प्रत्येक रकान्यात वेगळा माणूस बसलाय असं धरण्यात.

हे समजायला आपल्याकडचं एक जुनं उदाहरण उपयोगी पडतं. महाराष्ट्रातल्या बऱ्याच समाजांत मामाच्या मुलीशी लग्न करायची पद्धत होती, काही ठिकाणी अजून आहे. अशा जोडप्याला मूल झालं की त्याचे आजी-आजोबा चारच असतात. पण पणजी-पणजोबांचे रकाने आठ असले तरी त्यांत माणसं सहाच भरतात. कारण नवऱ्याच्या आईचे आई-वडील तेच बायकोच्या वडिलांचे आई-वडील. एकच जोडी दोन ठिकाणी बसली. हे झालं जवळच्या नात्यातलं लग्न. पण वीस पिढ्या मागे ज्यांचा पूर्वज एक आहे अशा दोघांचं लग्न झालं, तर ते नात्यात झालं हे कुणाच्या लक्षातही येत नाही. पंचक्रोशीत सोयरिकी करणाऱ्या समाजात अशी लग्नं पिढ्यानपिढ्या होतच राहणार. म्हणून मागे जाताना रकाने वाढत जातात आणि माणसं मात्र पुन्हा पुन्हा तीच येतात. कुणी दोन रकान्यांत, कुणी दोनशे, कुणी लाखभर.

'वंशवृक्ष' या शब्दाने म्हणूनच थोडी फसगत होते. आपल्या डोळ्यांपुढे एका बुंध्याचं, वर पसरत गेलेलं झाड येतं. प्रत्यक्षात चित्र दिसतं ते जुन्या वडाचं. पारंब्या जमिनीत उतरतात, एकमेकींना चिकटतात, त्यांचीच खोडं होतात, आणि मूळ खोड कुठलं हे मालकालाही सांगता येत नाही.

इथून पुढची गोष्ट महत्त्वाची आहे. माझे रकाने त्या काळच्या दख्खनमधल्या लोकसंख्येपेक्षा जास्त झाले, तर त्या लोकांतला बराच मोठा भाग माझ्या पूर्वजांत असणार. तुमच्या रकान्यांचंही तेच. मग तुमची आणि माझी यादी वेगवेगळी राहूच शकत नाही. कुठल्या तरी पिढीत दोन्ही याद्यांत एक नाव येणारच. तिथे तुम्ही आणि मी चुलत, मावस, आते, मामे यांपैकी काहीतरी होतो. कितव्या पिढीचे, एवढंच शोधायचं उरतं.

डग्लस रोड, स्टीव्ह ओल्सन आणि जोसेफ चँग या तिघांनी हाच विचार साऱ्या जगाला लावून पाहिला. 2004 साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत त्यांचा लेख आला. त्यांनी संगणकावर एक नकली जग उभं केलं. त्यात खंड होते, बेटं होती, दूरवर जाणारी मोजकी माणसं होती, आणि आपल्याच भागात लग्न करणारी बहुतेक सगळी. मग पिढ्यामागून पिढ्या चालवून पाहिलं. निष्कर्ष असा निघाला, की आज जिवंत असलेल्या प्रत्येक माणसाच्या यादीत आहे असा एखादा पूर्वज साधारण दोन ते साडेतीन हजार वर्षांपूर्वी होऊन गेला असावा. हा अंदाज आहे, आणि काही शतकं पुढेमागे होऊ शकतात. तरी काळ पाहा. लाखो वर्षांच्या मानवी इतिहासात हे अगदी परवाचं म्हणायचं.

यात एक गैरसमज हमखास होतो. त्या काळी एकच माणूस होता आणि त्याच्यापासून सगळे झाले, असा याचा अर्थ नाही. त्याच्याबरोबर कोट्यवधी लोक जगत होते आणि त्यांतले अनेकजण आपापल्या परीने आपले पूर्वज आहेतच. तो वेगळा एवढ्यासाठीच, की सगळ्यांच्या यादीत आलेला सर्वांत अलीकडचा माणूस तो.

आणखी काही हजार वर्षं मागे गेलं की चित्र याहून विलक्षण होतं. त्या काळात जगलेल्या आणि आज ज्यांचा वंश शिल्लक आहे अशा माणसांपैकी प्रत्येकजण आपणा सगळ्यांचाच पूर्वज ठरतो. तिथे तुमची यादी आणि माझी यादी तंतोतंत एक होते. कोल्हापूरच्या ऊसतोड मजुराची, टोकियोतल्या बाईची, नायजेरियातल्या शाळकरी पोराची, गाझातल्या आणि तेल अवीवमधल्या आईची, सगळ्यांची. ज्या बायांनी तेव्हा चूल पेटवली, पोरं वाढवली आणि ज्यांचा वंश टिकला, त्या सगळ्या आपणा सगळ्यांच्या आज्या.

इथे वाचक दोन शंका घेतील. त्या मलाही आल्या होत्या.

पहिली शंका समुद्राची. मधे महासागर, वाळवंटं, हिमालय असताना हे कसं शक्य आहे? उत्तर असं, की त्यासाठी फार माणसं यावी लागत नाहीत. पिढीतून एखादी बोट आली, एखाद्या खलाशाने तिथेच संसार मांडला, तरी पुरतं. त्याची मुलं, मुलांची मुलं पसरत जातात, आणि पंधरा-वीस पिढ्यांत तो माणूस हजारोंच्या यादीत शिरलेला असतो. आपल्या कोकण किनाऱ्यावर याची साक्ष आहे. बेने इस्राएल हे कोकणातले ज्यू, म्हणजे आपले शनवार तेली. घरी मराठी बोलणारे, गावावरून आडनावं लावणारे. 2016 साली त्यांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांत पश्चिम आशियातल्या ज्यूंचा आणि इथल्या लोकांचा, दोघांचाही वारसा दिसला. गुजरात आणि कर्नाटकातल्या सिद्दींच्या 2011 च्या अभ्यासात आफ्रिकेबरोबर भारत आणि युरोपही सापडला. समुद्राने माणसं जितकी तोडली तितकीच आणूनही सोडली.

दुसरी शंका जातीची, आणि ती जास्त गंभीर आहे. आपल्याकडे तर शेजारच्या गल्लीतही सोयरीक होत नाही. हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवविज्ञान केंद्रातले कुमारस्वामी थंगराज आणि लालजी सिंह यांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर केलेलं संशोधन 2013 साली प्रसिद्ध झालं. त्यातून दिसलं, की आजपासून सुमारे 4,200 ते 1,900 वर्षांपूर्वीच्या काळात भारतात वेगवेगळ्या मूळच्या लोकांची भरपूर सरमिसळ झाली. उच्च म्हणवणाऱ्या जाती असोत, दलित असोत की भिल्लांसारखे आदिवासी असोत, त्या सरमिसळीतून जवळपास कुणीच सुटलेलं नाही. त्यानंतर मात्र भिंती उभ्या राहिल्या आणि लग्नं आतल्या आत होऊ लागली. त्या भिंती इतक्या पक्क्या होत्या की काही समाजांत त्यांचे परिणाम आजही आनुवंशिक आजारांच्या रूपाने भोगावे लागतात. हे नाकारून चालणार नाही. पण भिंत उभी राहिली ती एकाच घराच्या मधोमध. आणि पिढीत एखादी फट जरी राहिली, तरी गणित आपलं काम करत राहतं. फटी होत्याच. कुणी पळून गेलं, कुणी वाळीत पडून दुसऱ्या गावी नाव बदलून राहिलं, कुणाला दुष्काळात अनोळखी बाईने पदराखाली घेतलं. ही माणसं कुठल्या वहीत सापडणार नाहीत. आपल्यात मात्र आहेत.

जनुकांची साक्ष थोडक्यात सांगतो, कारण ती पुष्कळांनी ऐकलेली असते. माणसाच्या जनुकसंचात सुमारे 300 कोटी अक्षरं असतात. जगातली कुठलीही दोन माणसं घेतली तर त्यांत हजारातलं साधारण एक अक्षर वेगळं निघतं. रिचर्ड लेवॉन्टिन यांनी 1972 साली दाखवलं, की माणसामाणसांत जेवढा जनुकीय फरक आहे त्यातला 85 टक्क्यांच्या आसपास फरक कुठल्याही एका समाजाच्या आतच सापडतो. समाजासमाजांतला फरक उरलेल्यात आला. आफ्रिकेतल्या चिंपांझींमध्ये आपसांत जेवढा फरक आहे, तेवढाही जगभरच्या माणसांत नाही. आपण एवढे सारखे आहोत, कारण आपण सगळेच आफ्रिकेतल्या एका लहानशा गोतावळ्यातून आलो आहोत.

इथवर आलं की पुष्कळजण थांबतात आणि म्हणतात, बघा, रक्त एक आहे, मग भांडता कशाला? मला हे पुरेसं वाटत नाही. शांततेची तळमळ असणाऱ्यांनीच याचा नीट विचार करायला हवा.

एक तर रक्ताचा वाटा फार लवकर पातळ होतो. सख्ख्या भावंडांत जनुकांचा सरासरी निम्मा वाटा सामाईक असतो. सख्ख्या चुलत भावंडांत तो आठवा होतो. त्यांच्या मुलांमध्ये आपसांत बत्तिसावा आणि नातवंडांत 128 वा. दहाव्या पिढीच्या 1,024 पूर्वजांपैकी कितीतरी जणांच्या जनुकाचा एक तुकडाही आपल्या अंगात उरलेला नसतो. ते पूर्वज आहेत, पण शरीरात त्यांची खूण नाही. म्हणून दूरच्या भावाला पाहून रक्त आपोआप उसळेल अशी आशा धरणं चूक आहे. ते उसळत नाही.

आणि दुसरं कारण आपल्या भाषेनेच सांगून ठेवलंय. 'भाऊबंद' म्हणजे नातेवाईक, आणि त्याच शब्दापासून झालेला 'भाऊबंदकी' म्हणजे भांडण. कुरुक्षेत्रावर समोरासमोर उभे होते ते चुलत भाऊच. 1914 साली युरोपात काय झालं? इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज आणि जर्मनीचा सम्राट दुसरा विल्हेल्म ही राणी व्हिक्टोरियाची नातवंडं. रशियाचा झार दुसरा निकोलस हा जॉर्जचा मावसभाऊ, आणि त्याची बायकोही व्हिक्टोरियाचीच नात. युद्ध तोंडावर आलं तेव्हा झार आणि जर्मन सम्राट एकमेकांना तारा पाठवत होते. खाली सही असायची 'निकी' आणि 'विली'. घरातली लाडाची नावं. शेवटच्या तारा 1 ऑगस्टच्या, आणि त्याच दिवशी जर्मनीने रशियाविरुद्ध युद्ध पुकारलं. पुढच्या चार वर्षांत 90 लाखांहून जास्त सैनिक मेले. 1917 साली इंग्लंडच्या राजघराण्याने आपलं जर्मन आडनाव टाकून 'विंडसर' हे नवं नाव घेतलं. आडनावाची पाटी बदलली. भाऊ भाऊच राहिले.

'वसुधैव कुटुंबकम्' हे वचन आपण अभिमानाने सांगतो, 2023 साली दिल्लीत झालेल्या जी-20 परिषदेचं ते बोधवाक्य होतं. ते महोपनिषदात आहे. पण हितोपदेशात हाच श्लोक एका कोल्ह्याच्या तोंडी येतो. त्याला हरणाचं मांस हवं असतं आणि कावळा त्याला ओळखत नाही म्हणून हरकत घेतो. तेव्हा कोल्हा म्हणतो, हा आपला आणि तो परका असा हिशेब कोत्या मनाची माणसं करतात. शब्द तेच आणि पोटात वेगळं. त्या जुन्या गोष्टकाराने एवढं थोर वचन कोल्ह्याच्या तोंडी घातलं ते मला फार मोलाचं वाटतं. 'आपण एक कुटुंब' असं कोण म्हणतं, यापेक्षा म्हटल्यावर तो पाणी कसं वाटून घेतो हे बघावं, असंच तो सांगतोय.

पाण्याचं मी वाचलेलं सांगत नाही. आमच्या शेतात एक विहीर आहे, सातबाऱ्यावर सामाईक. अर्धा हिस्सा आमचा, अर्धा वडिलांच्या चुलत भावाचा. पाळी ठरलेली होती: तीन दिवस ते, तीन दिवस आम्ही. पण शेतीची लाईट काही दिवस दिवसा यायची, काही दिवस रात्री. आमची पाळी आणि रात्रीची लाईट नेमकी एकत्र यायची. वडील थंडीत मध्यरात्री मोटार चालू करायला जायचे, आणि काका दुपारी दारं धरायचे. त्यातून बोलाचाली झाली, मग बोलणं बंद झालं, मग बांध कोरल्याची तक्रार झाली. अकरा वर्षं दोन्ही घरांनी एकमेकांच्या लग्नाची अक्षता टाकली नाही. एकाच रक्ताचे हे दोघं, आणि त्या वहीत त्यांच्या आज्याचं नाव एकच.

ते मिटलं कसं, तर गावातल्या एका निवृत्त गुरुजींनी दोघांना बसवलं. भाऊ आहात, विसरून जा, असं ते एकदाही म्हणाले नाहीत. त्यांनी शाळेच्या वहीचं एक पान घेतलं, रेघा मारल्या आणि विचारलं, दिवसाची लाईट कुठले दिवस? रात्रीची कुठले? मग असं कोष्टक केलं की दर पंधरा दिवसांत दोघांच्याही वाट्याला दिवस आणि रात्र सारखी येईल. खाली दोघांच्या सह्या. ते पान अजून मोटारीच्या खोलीत, प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिळ्याला लटकवलेलं आहे. प्रेम आधी आलं नाही. आधी कोष्टक आलं. त्यानंतर दोन-एक वर्षांनी काकूंनी दिवाळीला फराळाचं ताट पाठवलं.

मला वाटतं राष्ट्रांचंही काहीसं असंच असतं. फ्रान्स आणि जर्मनी 1870 पासून 75 वर्षांत तीनदा लढले. दर वेळी मरणारी पोरं कोट्यवधींच्या त्याच भावकीतली. दुसरं महायुद्ध संपून पाच वर्षं होत होती तेव्हा, 9 मे 1950 रोजी, फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रॉबेर शुमान यांनी एक प्रस्ताव मांडला. दोन्ही देशांचा कोळसा आणि पोलाद यांचं उत्पादन एका सामाईक मंडळाच्या हाती द्यायचं. कोळसा आणि पोलादाशिवाय तोफा होत नाहीत. ते एकट्याच्या ताब्यात राहिलं नाही, तर एकट्याने गुपचूप लढाईची तयारी करता येत नाही. 1951 च्या एप्रिलमध्ये पॅरिसला करार झाला. फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या सहा देशांनी सह्या केल्या. आजच्या युरोपीय संघाचा पाया तो. त्यानंतर फ्रान्स आणि जर्मनी एकमेकांशी लढलेले नाहीत. सामाईक विहिरीची पाळीच ठरवली त्यांनी, फक्त विहीर फार मोठी होती.

महाराष्ट्रातही असे प्रयत्न झालेत, आणि त्यांची म्हणावी तेवढी चर्चा होत नाही. 15 ऑगस्ट 2007 ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, तिचा सारा भर गावातला तंटा गावातच बसून मिटवण्यावर होता. 2023 च्या सुरुवातीला सलोखा योजना आली. एकाची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या, असं निदान 12 वर्षं चालत आलं असेल, तर त्यांनी आपसांत अदलाबदलीचा दस्त करायचा. मुद्रांक शुल्क 1,000 रुपये आणि नोंदणी फी 1,000 रुपये. बापजाद्यांपासून चालत आलेलं वैर दोन हजार रुपयांत आणि दोन सह्यांत मिटायची वाट सरकारने मोकळी केली. शांततेचं काम हे असं दिसतं: मोजणी, नकाशा, दस्त. त्यात डोळ्यांत पाणी आणणारं काही नाही, तरी मला त्यात फार मोठी माया दिसते.

मग मनातल्या आपलेपणाचं काय? तो येतच नाही का? येतो, आणि मराठी माणसाने तो दरवर्षी डोळ्यांनी पाहिलेला आहे. आळंदीहून पालखी निघाली की दिंडीत सगळे एकमेकांना 'माउली' म्हणतात. पाणी देणारा माउली, वाट विचारणारा माउली, पायावर पाय पडला तरी "चुकलं माउली". मी दोनदा पुणे ते सासवड एवढाच टप्पा चाललो आहे. दिवे घाटात पायात गोळा आला तेव्हा एका म्हाताऱ्या बाईने मला खाली बसवलं, माझा पाय आपल्या मांडीवर घेतला आणि पिशवीतलं तेल काढून चोळायला लागली. तिने माझं गाव विचारलं नाही, आडनावही नाही. वहीतले दोन्ही प्रश्न तिने गाळले. मी संकोचून म्हणालो, "अहो, राहू द्या." ती म्हणाली, "माउलीचाच पाय हाय."

वारीतही सगळं गोड आहे असं मी म्हणत नाही. दिंड्यांचे क्रम, मान, जुने भेद यांवरून तिथेही वाद झालेत. पण हाक मारताना रोज एक शब्द तोंडात बसला की तो हळूहळू हातात उतरतो, एवढं मात्र मी अनुभवलंय. आपण भाजीवाल्याला काका म्हणतो, कंडक्टरला दादा, स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंना मावशी. ही रीत हलकी समजू नये. मात्र मावशी म्हणायचं आणि तिचा कप वेगळा ठेवायचा, हे कोल्ह्याचं 'कुटुंबकम्' झालं.

शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, नेवाशाला ज्ञानेश्वरी पुरी झाली तेव्हा शेवटी जे मागणं मागितलं गेलं ते सगळ्यांना पाठ आहे. 'भूतां परस्परें जडो मैत्र जीवांचें.' वर आपण तीस पिढ्या मागे गेलो, तो जवळपास हाच काळ. ज्या मुलाला आणि त्याच्या भावंडांना त्यांच्याच बिरादरीने वाळीत टाकलं होतं, त्याने जगासाठी भाऊपण मागितलं नाही, मैत्र मागितलं. भाऊबंद काय करतात ते त्याने भोगलं होतं. आणि क्रियापद कुठलं? 'जडो'. नातं जन्मतः असतं, मैत्र जडावं लागतं. त्याला सहवास लागतो, वेळ लागतो, कधी कधी शाळेच्या वहीचं एक पान लागतं.

15 नोव्हेंबर 2022 ला जगाची लोकसंख्या 800 कोटी झाल्याचं संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलं. एवढी मोठी भावकी, आणि विहीर एकच.

त्या दिवशी रामकुंडावर शेवटी गुरुजींनी तर्पण करायला लावलं. दक्षिणेकडे तोंड, ओंजळीत पाणी, आंगठा आणि तर्जनी यांच्या मधून ते सोडायचं. वडिलांच्या नावाने सोडलं, आजोबांच्या, पणजोबांच्या. मग आजीच्या, पणजीच्या. मग आईच्या वडिलांच्या. गुरुजी एक श्लोक म्हणाले आणि मी अर्थ विचारला. जे आमचे बांधव आहेत, जे बांधव नाहीत, आणि जे दुसऱ्या कुठल्या जन्मी बांधव होते, ते सगळे या पाण्याने तृप्त होवोत.

"यांची नावं नाही घ्यायची?" मी विचारलं.

"कुणाकुणाची घेणार? सोडा पाणी."

तांब्या काकांच्या हातात होता. तेच, विहिरीचे निम्मे मालक. त्यांनी माझी ओंजळ पुन्हा भरली.